स्वच्छ रिपोर्ट

५ मार्च, मंगळवार
स्टेरॉइडची गोळी दहा मिलिग्रॅमवर आली की धुकं परत येतं. ही तिसरी वेळ. चाळीसला फळा स्वच्छ, वीसला ठीक, दहाला उजव्या डोळ्यापुढे कुणी ताकाचं भांडं विसळून ओतल्यासारखं. त्यात ठिपके. मान वळवली की तेही वळतात, थोडे मागून.

सदाशिव पेठेतले आपले डॉक्टर सहा महिने 'आतली सूज' म्हणताहेत. आज डोळ्यात दिवा बराच वेळ धरला आणि सूज हा शब्द उच्चारला नाही. रेटिनाच्या डॉक्टरांना चिठ्ठी लिहून दिली. म्हटलं, दहावीची परीक्षा चालू आहे, सुट्टी लागली की जाते. म्हणाले, "या आठवड्यात जा."

सहा महिन्यांत हा माणूस कधी घाई करा म्हणाला नव्हता.

९ मार्च, शनिवार
बँकेला सुट्टी म्हणून अवि बरोबर आला. नाहीतर मी एकटीच गेले असते आणि परत कशी आले असते कोण जाणे.

डॉ. मेहेंदळे. माझ्याहून सात-आठ वर्षांनी लहान असतील. थेंब घालून तासभर बसवलं, मग दोन्ही डोळे बघितले. नुसता उजवा नाही. मग विचारायला लागल्या. डोकं दुखतं का? नावं आठवत नाहीत असं होतं का? चालताना तोल जातो?
"मी डोळ्यासाठी आलेय."
"हो. डोळ्यासाठीच विचारतेय."

लिम्फोमा. पांढऱ्या पेशींचा कॅन्सर, क्वचित डोळ्याच्या आतच सुरू होतो. सुजेसारखा दिसतो, म्हणून सूज समजून औषध चालतं. स्टेरॉइडनं बरा झाल्यासारखाही वाटतो. त्यातल्या निम्म्याहून जास्त जणांच्या मेंदूत पुढेमागे... तिथे त्या थांबल्या. अविनं मधेच हात वर केला होता, वर्गात करतात तसा.

"आहेच असं म्हणत नाही. नाही हे सिद्ध करायचंय," म्हणाल्या. सिद्ध करायचंय हे शब्द आपलेच, रोजचे.

पुढचं लिहून ठेवते, म्हणजे चूक होणार नाही. गोळी कमी करत १७ तारखेला शून्य. ५ एप्रिलला ऑपरेशन, उजव्या डोळ्यातली जेली काढून तपासायला. मधे एकही गोळी नाही. का, तर स्टेरॉइडनं या पेशी विरघळतात. नमुन्यात काही उरतच नाही आणि रिपोर्ट खोटाच स्वच्छ येतो.
अवि : "पण तोवर हिला दिसणार कसं?"
"कमी दिसेल. तेवढे दिवस काढायचे."

येताना मार्केट यार्डाच्या सिग्नलला हिरवा लागला तरी अवि स्कूटर धरून उभाच. मागे हॉर्न. मी मागे बसून त्याच्या शर्टाची शिवण बघत होते.

लेकीला, सईला, काही सांगायचं नाही असं ठरलं. सूज, छोटं ऑपरेशन, बस. तिची सीईटी तोंडावर आहे.

१३ मार्च, बुधवार
मेंदूचा एमआरआय ठीक. अविनं दवाखान्याच्या जिन्यातच त्याच्या बहिणीला फोन लावला.

मला बरं वाटलं ते बिबवेवाडीला घरी पोचेपर्यंत. मग वाटलं, आज ठीक, म्हणजे आजपर्यंत ठीक.
सकाळपासून एकोणतीसचा पाढा म्हणते, पायथागोरसची सिद्धता मनात पहिल्यापासून शेवटपर्यंत. डोकं चालतंय का ते बघायला. सासूबाई भाजी निवडत होत्या. "पाढे कुणाला ऐकवतेस? घरात सगळे पास झालेत."

१९ मार्च, मंगळवार
भूमितीच्या उत्तरपत्रिकांचा गठ्ठा आला. दीडशेच्या आसपास.

नाही म्हणता आलं असतं. मेडिकल सर्टिफिकेट दिलं की सुटका. पण सर्टिफिकेटवर कारण लिहावं लागतं, ते मुख्याध्यापिकांच्या टेबलावरून स्टाफरूममध्ये दहा मिनिटांत येतं, आणि मग सगळ्याजणी माझ्याकडे डबा खाताना बघणार. मला तो शब्द कुणाच्या तोंडून ऐकायचा नव्हता. सही करून गठ्ठा घेतला.
मनाला सांगितलं, डावा डोळा चांगला आहे.
डॉक्टर डाव्यात काय बघत होत्या ते विचारलं नव्हतं.

२३ मार्च, शनिवार
गोळी बंद होऊन सहा दिवस. उजव्या डोळ्यानं आता माणूस आहे एवढं कळतं, कोण ते नाही. डाव्यानं तपासते, उजव्यावर रुमाल बांधून. सासूबाई म्हणाल्या, "समुद्री चाच्यांच्या सिनेमातल्यासारखी दिसतेस." सई फोटो काढायला धावली. काढू दिला.

आम्हाला हसायला येतं अजून. लिहून ठेवते.

२७ मार्च, बुधवार
गठ्ठा मॉडरेटरकडे दिला. देवधर सर, पुढच्या वर्षी निवृत्त होतील. "वेळेच्या आत? बाई, बाकीच्यांची सवय मोडाल," म्हणाले.
स्वतःवर खूश होऊन बसने घरी आले. बसचा नंबर शेजारच्या मुलीला विचारून.

२८ मार्च, गुरुवार
संध्याकाळी देवधर सरांचा फोन.
"बाई, रचनेच्या प्रश्नाला तुम्ही फारच गुण कापलेत."
"सर, कंस नाहीत. मुलांनी नुसत्या रेघा मारल्यात."
"आहेत की. फिकट आहेत, पण कर्कटकानं काढलेले कंस आहेत. माझ्या मोतीबिंदूचं ऑपरेशन राहिलंय, तरी मला दिसले."

वर्तुळाला स्पर्शिका काढायची, तर मुलं पेन्सिल हलकी धरून कंस मारतात, कागदाला ओरखडा उठावा एवढाच. मी वर्षभर ओरडते की ठळक काढा. पण फिकट म्हणजे नाही असं मी कधीच धरलेलं नाही. तपासताना मनात येऊन गेलं होतं, एकाच केंद्रातली मुलं, कंस काढायला कुणी शिकवलंच नाही का? तिथे थांबले नाही. मुलांवर संशय घेतला, डोळ्यावर नाही.

"सर, गठ्ठा परत द्या. तो प्रश्न सगळ्यांचा पुन्हा बघते."
"सोमवारी सकाळी मला पुढे पाठवायचाय."
"सोमवारी सकाळी देते."
"द्या. आणि बाई, चष्म्याचा नंबर तपासून घ्या एकदा."

२९ मार्च, शुक्रवार
खिडकीत बसले, दिवा घेतला, सईचं भिंग घेतलं. डाव्या डोळ्यापुढेही आज दोन ठिपके होते किंवा मला वाटलं. पहिल्या दहा पेपरांत दोनदा कंस दिसले असं वाटलं, मग कागदाची घडी निघाली. तिसऱ्यात खरोखर होते की मी असावेत म्हणून बघत होते, सांगता येईना.
अवि म्हणाला, मी बघून सांगतो. पण उत्तरपत्रिका दुसऱ्याला दाखवायच्या नसतात. नवऱ्यालाही नाही.

सरांना खरं सांगता आलं असतं. सर, मला दिसत नाही, गठ्ठा दुसऱ्या कुणाला द्या. आठ-दहा शब्द. फोन हातात घेऊन दोनदा ठेवला.

औषधांच्या डब्यात वीसची पट्टी शिल्लक आहे. दोन घेतल्या की दुसऱ्या दिवशी धुकं विरळ होतं, हे सहा महिन्यांत पाठ झालंय. ऑपरेशनला सात दिवस आहेत. सतरापासून आजवर बारा दिवस एकही नाही.
घेतल्या.

३१ मार्च, रविवार
दिसलं. काल संध्याकाळीच पडदा हलला होता, आज सकाळी खिडकीच्या गजांवरचा रंग उडालेला दिसला, समोरच्या गच्चीवर वाळत घातलेले पापड दिसले, सासूबाईंच्या हनुवटीवरचा केस दिसला. त्या म्हणाल्या, "काय बघतेस?" म्हटलं, काही नाही.

आज तिसऱ्या दिवसाच्याही दोन घेतल्या. दुपारी तीनपर्यंत सगळे पेपर पुन्हा. अकरा मुलांचे गुण वाढले. एक मुलगी दीड गुणानं नापास होत होती, ती आता होणार नाही. तिचा कंस इतका हलका की पेपर तिरका धरावा लागला. पण होता.

सहा गोळ्या. पट्टीचा रिकामा कागद स्वैपाकघरातल्या डब्यात न टाकता खाली जाऊन टाकून आले. चोरी करणारी माणसं असंच करत असतील.

१ एप्रिल, सोमवार
गठ्ठा दिला. देवधर सर : "अकरा? बरं झालं मी फोन केला." मग, "आपणहून परत मागणारं कुणी नसतं, बाई."
याचा आनंद होत होता. होत होता हेच लिहिते.

४ एप्रिल, गुरुवार
उद्यासाठी दाखल. फॉर्म भरणाऱ्या मुलीनं विचारलं, स्टेरॉइड कधी बंद केलं?
"सतरा मार्चला शून्यावर आणलं."
वाक्य खरं आहे. प्रत्येक शब्द खरा आहे. सिद्धतेत मधली पायरी गाळून पुढे गेलेल्या मुलाच्या पेपरवर मी लाल गोल करते.
डबा घेऊन आलेल्या सासूबाई तिला म्हणाल्या, "आमच्या सुनेला एक सांगितलं की दोनदा पाळते. तुम्ही काळजी करू नका."



५ एप्रिल
झालं. सगळा वेळ जागी होते. आत कुणीतरी पाण्याखाली दिवा फिरवत होतं. नमुना लगेच पाठवला, त्या पेशी फार वेळ टिकत नाहीत म्हणे. एक माणूस थर्मासची पेटी घेऊन उभाच होता.
अवि लिहितोय, मी सांगतेय. (मी तिचं अक्षर बिघडवतोय. — अवि)

६ एप्रिल, शनिवार
पाडवा. डोळ्यावर प्लास्टिकची वाटी. वाकायचं नाही, म्हणून गुढी सईनं उभारली, सासूबाईंच्या सूचना ऐकत. "तांब्या सरळ. सरळ म्हणजे सरळ. तुझी आई भूमिती शिकवते ना?"
कडुलिंबाची चटणी दोनदा खाल्ली. कशासाठी, विचारू नये.

१२ एप्रिल, शुक्रवार
दवाखान्यातून फोन. कॅन्सरच्या पेशी आढळल्या नाहीत.

अवि जमिनीवर बसला. स्वैपाकघराच्या दारात, तिथेच. त्याला मी लग्नाला एकवीस वर्षं झाली तरी रडताना पाहिलं नव्हतं. सासूबाईंना काय होतं आणि काय नाही हे तेव्हा पहिल्यांदा कळलं, म्हणजे त्यांना इतके दिवस सांगितलंच नव्हतं. त्यांनी अविच्या पाठीत धपाटा मारला. "मला म्हातारीला फसवता? आणि मी हिच्या रुमालावर विनोद करत होते." मग देवापाशी जाऊन बसल्या. अर्ध्या तासानं उठल्या त्या पेढे आणायला स्वतः गेल्या. सगळ्या मजल्यांवर वाटले. सईला सांगितलं, डोळा चांगला झाला म्हणून.

माझ्या हातात पेढा. खाल्ला.

१३ एप्रिल, शनिवार
रिपोर्ट हातात आला. इंग्रजीत तीन ओळी आहेत. निश्चित अशा घातक पेशी नाहीत. मोजक्या पेशी, त्यातल्या बऱ्याच मोडक्या, त्यामुळे नक्की मत देता येत नाही. प्रत्यक्ष लक्षणांशी ताडून बघावं.
घरातल्यांनी पहिली ओळ वाचली.

मोडक्या. मी त्या शब्दाशी किती वेळ बसले सांगत नाही.

१५ एप्रिल, सोमवार
डॉ. मेहेंदळेंकडे. उजवा डोळा छान दिसतोय, अर्थातच, आतली गढूळ जेलीच काढली. अवि हसत होता. त्या हसत नव्हत्या.
"बातमी चांगली आहे. पण माझं समाधान झालेलं नाही. इतक्या मोडलेल्या पेशी का, कळत नाही." मग माझ्याकडे वळल्या. "मधे काही घेतलं होतं? गोळी, सांध्यावर इंजेक्शन, कुणी दिलेली आयुर्वेदिक पावडर? चुकून?"
"नाही."

चार तारखेचं वाक्य खरं तरी होतं. आजचं नाही.
अवि शेजारी होता, त्याचा हात माझ्या खुर्चीच्या पाठीवर. तो नसता तर सांगितलं असतं? असं लिहायला मोह होतो. माहीत नाही.

१८ एप्रिल, गुरुवार
कारणं. सईची सीईटी, तोवर घरात वादळ नको. सासूबाईंचं ब्लडप्रेशर. अवि आठवडाभर आंघोळीला जाताना गुणगुणतोय. आणि रिपोर्ट खरंच स्वच्छ असेल तर? सहा गोळ्यांनी काय होणार होतं?
सगळी कारणं दुसऱ्यांची आहेत. माझं एकच आहे : पुन्हा ते वाट बघणं नको.

दुसरं एक आहे, ते लिहायचं टाळत होते. स्टेरॉइडनं पेशी विरघळतात आणि रिपोर्ट खोटा स्वच्छ येतो, हे माझ्याच अक्षरात ९ मार्चला लिहिलंय. २९ ला पट्टी हातात घेतली तेव्हा ते आठवत होतं. गोळ्या मुलांच्या कंसांसाठी घेतल्या. नुसत्या कंसांसाठी घेतल्या असं शपथेवर सांगता येईल का मला?
नाही येणार.

२४ एप्रिल, बुधवार
डावा डोळा. आज पक्कं. न्हाणीघराच्या फरशा रोज एकेका डोळ्यानं बघते, उजवा झाकला की डाव्या बाजूच्या वरच्या फरशांच्या सांध्यावर धूर. ठिपके मोजले नाहीत, मोजण्यापलीकडे आहेत.
सूज असेल तर सूज डावीकडेही येते. सहा महिन्यांपूर्वी याच वाक्यानं समाधान झालं असतं.

२६ एप्रिल, शुक्रवार
सईला वर्तुळाचं एक उदाहरण समजावत होते. वर्तुळाला दोन बिंदूंत छेदून जाणारी रेषा, तिला काय म्हणतात ते आठवेना. तेवीस वर्षं शिकवतेय. सई पेन्सिल धरून थांबली. "आई, छेदिका."
"हो, छेदिका. तुला येतं का बघत होते."
आत जाऊन नळ सोडून उभी राहिले. कुणालाही होतं असं. मागच्या महिन्यात झालं असतं तर हसले असते.

आता डोक्यात असेल तर मी सहा गोळ्यांचेच नाही, त्यानंतरचे हे सगळे दिवसही...

२८ एप्रिल, रविवार
अविला सांगितलं. सासूबाई खालच्या मजल्यावर गेल्या होत्या, सई क्लासला. तो इस्त्री करत होता.
सगळं सांगितलं, तारखांसह. पंधरा तारखेचं 'नाही' सुद्धा. त्यानं इस्त्री उभी केली, बटण बंद केलं.
"किती?"
"सहा."
"मला का नाही विचारलंस?"
"तू नाही म्हणाला असतास."
"हो. म्हणालो असतो." मग, "अकरा मुलं का?"
"अकरा."
"त्यांची नावं तरी माहितीयेत तुला?"
"नाही. नंबर असतात."
तो हसला, पण ते हसणं मी आजवर ऐकलेलं नव्हतं. "पेढे वाटले त्यांच्याकडे जाऊन परत मागून आणू का आता? तळमजल्यापासून सुरुवात करतो."
त्यानं अर्धवट राहिलेला शर्ट तसाच अंगात घातला आणि खाली गेला. स्कूटर सुरू झाल्याचं ऐकू आलं नाही. खाली नुसताच उभा असावा.

परत आला तेव्हा म्हणाला, "मंगळवारची अपॉइंटमेंट घेतली. मी बोलणार नाही. तू सांगायचं."
डाव्या डोळ्याचं तेव्हा सांगितलं. तो पुन्हा खाली बसला, त्याच जागी, पण या वेळी रडला नाही.

३० एप्रिल, मंगळवार
सांगितलं. वाटलं होतं ओरडतील. डॉ. मेहेंदळेंनी पेन उघडलं आणि तारखा विचारल्या, डोस विचारला, सकाळी की संध्याकाळी विचारलं. सगळं लिहिलं. मग पेन ठेवलं.
"का घेतल्या?"
कंसांचं सांगितलं. अठरा तारखेला इथे लिहिलं तेही सांगितलं, की नुसतं तेवढंच होतं की नाही मला माहीत नाही. त्यांनी खिडकीकडे बघितलं.
"मला भूमितीला पेपर तपासणाऱ्यांनी फार रडवलंय," म्हणाल्या. "पण पंधरा तारखेला मी विचारलं होतं."
"हो."
"तेव्हा सांगितलं असतंत तर दोन आठवडे वाचले असते."
"त्या दोन आठवड्यांनी..."
"सांगता येणार नाही. सहा गोळ्यांनी रिपोर्ट बदलला का, तेही कधी कळणार नाही. बदललाही नसेल. या पेशी तशाही नमुन्यात मोडतात. तुम्हाला उत्तर हवं असेल तर माझ्याकडे नाही."

डाव्या डोळ्यात त्यांना पेशी दिसल्या. आणि पडद्याखाली पिवळसर डाग, जो मार्चमध्ये नव्हता. पुढच्या मंगळवारी डाव्याची बायोप्सी. एमआरआय पुन्हा, पाठीतलं पाणी पण तपासणार. छेदिकेचंही सांगितलं. त्या हसल्या नाहीत, लिहून घेतलं. हसल्या असत्या तर बरं झालं असतं.

१ मे, बुधवार
सासूबाईंना अविनं सांगितलं. त्या माझ्याकडे आल्या. मी तयारी करून बसले होते.
"मी त्या पोरीला सांगितलं, आमची सून एक सांगितलं की दोनदा पाळते."
"हो."
"मला खोटं पाडलंस." बसल्या. माझा हात घेऊन स्वतःच्या मांडीवर ठेवला, लहान मुलांचं नख बघतात तसा उलटासुलटा केला. "जेवलीस का?"

७ मे, मंगळवार
डावा डोळा झाला. फॉर्मवाली मुलगी तीच. शेवटची स्टेरॉइडची गोळी? म्हटलं, एकतीस मार्च, सकाळी, वीसच्या दोन. तिनं मागचा कागद काढून बघितला, माझ्याकडे बघितलं, आणि खोडून नवीन लिहिलं.
एमआरआय झालाय. तो वाचणारे डॉक्टर शुक्रवारी येतात.

११ मे, शनिवार
काल कुणीच फोन केला नाही. एमआरआयचं विचारायला अविनं केला, तर 'दोन्ही रिपोर्ट मॅडम एकत्र बघतील.'
एकत्र का?
सईची सीईटी झाली. बरी गेली म्हणते. घरात सगळे हळू बोलतात हे तिला कळलेलं आहे. काल तिनं विचारलं, "पेढे कसले होते तेव्हा?" मी म्हटलं, डोळ्याचे. तिनं मान हलवली. माझ्यावर गेलीये, पुढचा प्रश्न मनात ठेवते.

१४ मे, मंगळवार
एका डोळ्यानं लिहितेय, ओळी उतरताहेत.

अकराला फोन आला. रिपोर्ट आलेत. मॅडमनी प्रत्यक्ष यायला सांगितलंय, पाच वाजता, बरोबर घरच्या कुणाला तरी घेऊन या. अविनं विचारलं, चांगलं की वाईट एवढं तरी सांगा. पलीकडची मुलगी म्हणाली, "मला सांगायची परवानगी नाही, सर."
मागच्या वेळी फोनवरच सांगितलं होतं.
पण मागच्या वेळी घाईनं सांगून फसले, म्हणून आता सगळं समोर बसवून सांगत असतील. हे अवि म्हणतो. हे मीही म्हणतेय. दर दहा मिनिटांनी एकजण म्हणतो, दुसरा हो म्हणतो.

जेवले. सासूबाईंनी मुगाची खिचडी केली, तूप घातलं. ७ तारखेपासून पोटात गेलेल्या सगळ्या औषधांची यादी करून पर्समध्ये ठेवली. पॅरासिटामॉल दोन, आम्लपित्ताची एक. थेंबांच्या बाटल्यांची नावं. कुणी विचारलं नाही तरी देणार आहे.

चारला निघायचं. अवि आत्तापासूनच रिक्षा बघायला खाली गेला, स्कूटरवर नको म्हणाला. सई तिच्या खोलीतून बाहेर आली. कुर्ता बदलून.
"मी येऊ?"
तोंडात नको तयार होतं. तू घरी थांब, आजीपाशी, काही विशेष नाही, आलोच आम्ही. पूर्ण वाक्य तयार होतं.
म्हटलं, "ये. पण आधी बस. तुला मार्चपासूनचं सांगते."
ती बसली. पाय वर घेऊन, लहानपणी बसायची तशी.

तीन वाजून दहा मिनिटं झालीत. वही मिटते.